संचालकांचे मानधन आणि प्रवासखर्च : मस्कतचा कायदा, मुंबईचा कायदा

अल् घुब्रा (मस्कत) : मार्च महिना उजाडला की ओमानमधील वृत्तपत्रांत वार्षिक सर्वसाधारण सभांच्या सूचना एकामागून एक झळकू लागतात. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष डिसेंबरअखेर संपते आणि पुढील तीन महिन्यांत सभा उरकावी लागते, म्हणून ही गर्दी. या सूचना नियमित वाचणाऱ्याला त्यांतील दोन विषय न पाहताही सांगता येतील. पहिला, सरलेल्या वर्षात संचालकांना दिलेल्या बैठक भत्त्यास मंजुरी देणे आणि चालू वर्षाचा भत्ता ठरवणे. दुसरा, संचालकांच्या वार्षिक मानधनास मंजुरी देणे. येथे रक्कम रियालमध्ये, शेवटच्या आकड्यापर्यंत छापलेली असते.

अल् घुब्राच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारा जो प्रकल्प उभा आहे, तो चालवणारी मस्कत सिटी डिसॅलिनेशन कंपनी ही अशा सूचना काढणाऱ्या कंपन्यांपैकीच एक. दिवसाला १,९१,००० घनमीटर पाण्याची क्षमता असलेला हा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीचे भाग जनतेला विकण्यात आले आणि २०१८ पासून त्यांची बाजारात उलाढाल होऊ लागली. ज्या दिवशी कंपनी अशी सार्वजनिक होते, त्या दिवसापासून तिच्या संचालकाने घेतलेला प्रत्येक रियाल हा परक्याच्या खिशातला होतो. ओमानमध्ये कंपनीच्या नावापुढील ‘एसएओजी’ ही अक्षरे तेच सांगतात. ‘एसएओसी’ असेल तर ती मर्यादित भागधारकांची, बंद स्वरूपाची कंपनी.

आखातात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मराठी अभियंत्यांना, सनदी लेखापालांना आणि बँकिंग क्षेत्रातील मंडळींना पन्नाशीच्या आसपास संचालकपदाची विचारणा होऊ लागते. कधी ती येथील कंपनीकडून असते, बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिक-कोल्हापूरच्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीकडून स्वतंत्र संचालक म्हणून. ‘मिळते किती?’ हा प्रश्न मराठी माणूस अशा वेळी विचारीत नाही, विचारलाच तर हळू आवाजात. प्रतिष्ठेच्या पदाबद्दल पैशाची भाषा करणे आपल्याला अप्रशस्त वाटते. हा संकोच सोडणे आवश्यक आहे, कारण घेतलेली रक्कम नियमबाह्य ठरली तर ती परत करण्याची जबाबदारी वैयक्तिक असते.

चार शब्द, चार अर्थ

‘मानधन’ हा आपला शब्द सुंदर असला तरी या विषयात फसवा आहे. त्याखाली चार वेगळ्या गोष्टी दडपल्या जातात. एका बैठकीस उपस्थित राहिल्याबद्दल मिळतो तो बैठक भत्ता. सहकारी बँका आणि साखर कारखान्यांच्या मराठीत हाच शब्द रूढ आहे, कंपन्यांत त्याला ‘सिटिंग फी’ म्हणतात. वर्षाच्या नफ्यातून टक्केवारीने मिळते ते कमिशन. नफा असो वा नसो, ठरवून दिलेली रक्कम म्हणजे निश्चित मानधन. चौथी गोष्ट म्हणजे पदरचे खर्च झालेले परत मिळणे, अर्थात खर्चाची प्रतिपूर्ती. पहिल्या तिन्ही रकमा उत्पन्न आहेत. चौथी उत्पन्न नाही, मात्र खर्च खरा असेल, कंपनीच्या कामासाठी असेल आणि पावतीने सिद्ध होत असेल तरच. यांपैकी एक अट सुटली की तो खर्च मागच्या दाराने आलेले मानधन होतो.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात ‘महामंडळ’ या शब्दाने आणखी एक गोंधळ उभा राहतो. एसटीसारख्या, खास कायद्याखाली स्थापन झालेल्या महामंडळाच्या अध्यक्षाला काय मिळावे, हे भागधारक नव्हे तर शासन ठरवते. सरकारी कंपन्यांनाही ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने मोबदल्याच्या मुख्य कलमातून, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम १९७ मधून, सूट दिलेली आहे. महामंडळावरील नेमणूक हा राजकीय पुनर्वसनाचा मार्ग कसा झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे आपण जनतेकडून भांडवल घेतलेल्या कंपन्यांपुरतेच बोलू.

संचालकाला पगाराचा हक्क नसतो

अनेकांना ऐकून आश्चर्य वाटते, पण कंपनी कायद्याचे मूळ सूत्र असे आहे की संचालकाला केवळ संचालक असल्यामुळे एक पैसाही मिळण्याचा हक्क नाही. इंग्रजी न्यायालयांनी संचालकाला विश्वस्ताच्या जवळपास नेऊन बसवले आणि विश्वस्ताने विश्वस्तनिधीतून स्वतःसाठी काही घ्यायचे नसते. १८८३ च्या हटन विरुद्ध वेस्ट कॉर्क रेल्वे कंपनी या खटल्यात ते ठळकपणे पुढे आले. ही रेल्वे कंपनी आपला व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकून गुंडाळली जात होती. ज्यांना कधीच मोबदला मिळाला नव्हता अशा संचालकांना मागील सेवेबद्दल १,५०० पौंड द्यावेत, असा ठराव बहुमताने झाला. न्यायालयाने तो रोखला. न्यायमूर्ती बोवेन यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चालत्या कंपनीने उदारपणा दाखवायला हरकत नाही, पण तो कंपनीच्या हितासाठी असला पाहिजे. जी कंपनी आता व्यवसायच करणार नाही, तिच्या हिताचा प्रश्न उरत नाही.

मग संचालकाला पैसे मिळतात ते कशाच्या आधारे? कायदा, आर्टिकल्स ऑफ असोसिएशन म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली आणि भागधारकांचा ठराव, या तिहींच्या आधारे. यांतील एक दुवा तुटला तर काय होते, हे गिनेस कंपनीच्या प्रकरणाने दाखवले. १९८६ मध्ये डिस्टिलर्स ही कंपनी ताब्यात घेताना केलेल्या सेवेबद्दल थॉमस वॉर्ड या संचालकाला ५२ लाख पौंड देण्यात आले. ही रक्कम संचालक मंडळाच्या एका समितीने मान्य केली होती. नियमावलीने तो अधिकार पूर्ण मंडळाला दिला होता, समितीला नव्हे. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९० मध्ये निकाल दिला की पैसे परत करावे लागतील. वॉर्ड यांनी काम केले की नाही, चांगले केले की वाईट, हा प्रश्न त्या निकालात निर्णायक ठरलाच नाही.

अमेरिकेतील टायको कंपनीचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या प्रकरणातील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या महागड्या पडद्यांच्या आणि वाढदिवसाच्या मेजवानीच्या कहाण्या सर्वांना ठाऊक आहेत. फ्रँक वॉल्श या बाहेरच्या संचालकाची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. २००१ मध्ये सीआयटी ही वित्त कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारात ओळख करून दिल्याबद्दल त्यांना २ कोटी डॉलर मिळाले. निम्मे स्वतःला, निम्मे त्यांच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला. इतर संचालकांना हे आधी सांगितलेले नव्हते. डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, २ कोटी डॉलर परत केले आणि २५ लाख डॉलर दंड भरला. निम्मी रक्कम दानात गेली होती, तरीही ते सुटले नाहीत.

ओमानची पद्धत

ओमानचा पहिला व्यापारी कंपनी कायदा १९७४ चा. त्याची जागा २०१९ मध्ये शाही फर्मान क्रमांक १८ ने आलेल्या नव्या कायद्याने घेतली आणि २०२१ मध्ये सार्वजनिक भागभांडवली कंपन्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली. देखरेख करणारी भांडवली बाजार प्राधिकरण ही संस्थाही २०२४ मध्ये वित्तीय सेवा प्राधिकरणात रूपांतरित झाली. कंपनी सुशासनाची संहिता मात्र येथे २००२ मध्येच आली होती.

मोबदल्याचा साचा २००५ च्या नियमांनी घडवला. त्या नियमांत प्रत्येक संचालकाला वर्षभरात मिळणाऱ्या बैठक भत्त्यास १०,००० रियालची कमाल मर्यादा होती. सर्व संचालकांचे वार्षिक मानधन आणि भत्ते मिळून २,००,००० रियालची कमाल मर्यादा होती. त्याशिवाय टक्केवारीची अट : कायदेशीर आणि ऐच्छिक राखीव निधी बाजूला काढून, भागधारकांना भांडवलाच्या किमान ५ टक्के लाभांश देऊन जो नफा उरेल, त्याच्या ५ टक्क्यांपुढे जायचे नव्हते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कंपनीचे भांडवल ३ कोटी रियाल आणि करोत्तर नफा ६० लाख रियाल. दहा टक्के कायदेशीर राखीव निधी काढल्यावर ५४ लाख उरतात. भांडवलावर ५ टक्के लाभांश म्हणजे १५ लाख गेले, राहिले ३९ लाख. त्यांचे ५ टक्के म्हणजे १,९५,००० रियाल. एवढ्या मोठ्या कंपनीतही नऊ-दहा संचालकांनी मिळून वाटून घ्यायची रक्कम ही इतकीच. रियालचा डॉलरशी बांधलेला दर पाहता २,००,००० रियाल म्हणजे सुमारे ५,२०,००० डॉलर. पाश्चात्त्य देशांतील बड्या कंपन्यांत दोन संचालकांनाच एवढे मिळू शकते.

ओमानच्या रचनेत मला दोन गोष्टी विशेष वाटतात. लाभांश आधी, मानधन नंतर, हा क्रम त्यांपैकी पहिली. दुसरी अशी की बैठक भत्त्यासारखी किरकोळ रक्कमही सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीसाठी जाते. सभेतील मतदानात बड्या भागधारकांचेच पारडे जड असते हे खरे. तरीही आकडा छापावा लागतो, आणि छापलेला आकडा कोणीही विचारू शकतो.

भारताची पद्धत

भारतात बैठक भत्ता ठरवण्याचा अधिकार संचालक मंडळालाच आहे. कंपनी कायदा २०१३ खालील २०१४ च्या नियमांनुसार मंडळाच्या किंवा समितीच्या प्रत्येक बैठकीस कमाल १ लाख रुपये, आणि स्वतंत्र व महिला संचालकांचा भत्ता इतरांहून कमी असता कामा नये. या मर्यादेतील भत्त्यास भागधारकांची संमती लागत नाही. जुन्या कायद्याखाली ही मर्यादा २००३ पासून मोठ्या कंपन्यांसाठी २०,००० रुपये होती, म्हणजे २०१४ ची झेप पाचपट होती. त्यानंतर मात्र आकडा जागचा हललेला नाही.

भत्त्यापलीकडचे सारे कलम १९७ च्या टक्केवारीत बसवावे लागते. सर्व संचालक व व्यवस्थापक मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्के. त्यात बिगर-कार्यकारी संचालकांचा वाटा, कंपनीत व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असल्यास १ टक्का, नसल्यास ३ टक्के. कलम १९८ नुसार काढलेला नफा १०० कोटी रुपये असेल तर सर्व बिगर-कार्यकारी संचालकांना मिळून १ कोटी. याहून अधिक द्यायचे असल्यास भागधारकांचा विशेष ठराव हवा. पूर्वी ११ टक्क्यांची मर्यादा ओलांडायला केंद्र सरकारची परवानगी लागे. सप्टेंबर २०१८ मध्ये ती अट गेली. बैठक भत्ता या टक्केवारीत मोजला जात नाही.

नफाच नसेल तर? मार्च २०२१ पर्यंत अशा कंपनीतील स्वतंत्र संचालकाच्या हाती भत्त्याखेरीज फारसे काही पडत नसे, आणि अडचणीतील कंपनीलाच तर जाणत्या संचालकाची गरज अधिक. त्या महिन्यात दुरुस्ती झाली. आता अनुसूची पाचप्रमाणे प्रभावी भांडवल ५ कोटींपेक्षा कमी असल्यास वर्षाला १२ लाख, १०० कोटींपर्यंत १७ लाख, २५० कोटींपर्यंत २४ लाख आणि त्यापुढे २४ लाखांवर जादा भांडवलाच्या ०.०१ टक्का, अशा मर्यादेत मोबदला देता येतो.

स्वतंत्र संचालकाला कंपनीचे स्टॉक ऑप्शन घेता येत नाहीत. बैठक भत्ता, बैठकीसाठीच्या खर्चाची प्रतिपूर्ती आणि सभासदांनी मंजूर केलेले नफ्याशी निगडित कमिशन एवढेच. येथेच या कायद्याची एक गाठ आहे. भत्ता तुटपुंजा ठेवला आणि खरी कमाई नफ्याच्या टक्केवारीत ठेवली, की लेखापरीक्षण समितीवर बसलेल्या माणसाला नफा फुगलेला दिसण्यात स्वारस्य निर्माण होते. ज्याने आकड्यांवर शंका घ्यायची, त्याचेच उत्पन्न त्या आकड्यांवर. रिझर्व्ह बँकेने खाजगी बँकांपुरता वेगळा रस्ता धरला. एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने बिगर-कार्यकारी संचालकांना, भत्ता व प्रवासखर्च वगळून, वर्षाला २० लाखांपर्यंत निश्चित मानधन देण्यास परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मर्यादा ३० लाख केली. माझ्या मते निश्चित रकमेचा हा मार्ग सर्वच नोंदणीकृत कंपन्यांना अधिक शोभेल.

मर्यादेपेक्षा अधिक रक्कम घेतली गेली तर संचालकाने ती दोन वर्षांच्या आत, किंवा कंपनीने ठरवलेल्या त्याहून कमी मुदतीत, परत करायची असते. तोवर ती कंपनीची ठेव म्हणून त्याच्याकडे विश्वासाने असते. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने ही जबाबदारी टळत नाही. सेबीच्या नियमांनी आणखी एक पहारा बसवला आहे : एका बिगर-कार्यकारी संचालकाचे मानधन अशा सर्व संचालकांच्या एकूण मानधनाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दरवर्षी विशेष ठराव घ्यावा लागतो. प्रवर्तक घराण्यातील ज्येष्ठांना कार्यकारी पद सोडल्यावरही भरघोस कमिशन देण्याच्या प्रथेला त्यामुळे निदान उजेडात यावे लागते.

खर्चाची प्रतिपूर्ती : किती, कशाची, कोणाची

कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत संचालकांच्या प्रवासाचा, निवासाचा आणि अन्य रास्त खर्च कंपनीने द्यावा, अशी तरतूद आहे. तो बैठकीस येण्याजाण्याचा किंवा कंपनीच्या कामकाजासंबंधी असला पाहिजे. ‘रास्त’ म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. तेथे कंपनीचे लेखी धोरण हवे, आणि नेमणूकपत्र घेण्याआधी ते मागून वाचलेले बरे.

मस्कतमध्ये राहणाऱ्या संचालकाचा नेहमीचा पेच असा. पुण्यातील बैठक नेमकी गणेशोत्सवाच्या आठवड्यात येते. माणूस तसाही घरी जाणारच असतो, सोबत पत्नी आणि मुलेही. तिकीट कोणाचे? बैठक हेच प्रवासाचे कारण असेल तर संचालकाचे स्वतःचे येण्याजाण्याचे भाडे आणि बैठकीपुरता निवास कंपनीचा. कुटुंबाची तिकिटे आणि पुढचे आठ दिवस स्वतःचे. घरी जाण्याचे तिकीट आधीच काढलेले असेल, तर माझ्या मते कंपनीकडे फक्त घर ते सभागृह एवढाच खर्च मागावा. आपल्या समाजात मंडळाच्या कामासाठी पदरमोड करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि तिचीच उलटी बाजू म्हणजे एवढे केले तर एखादे तिकीट घेतले म्हणून काय बिघडले, ही समजूत. मानद संस्थेत ती एक वेळ खपून जाते. सार्वजनिक कंपनीत लेखापरीक्षक बोट ठेवतो.

ठोक रकमेचा ‘प्रवास भत्ता’ पावतीशिवाय घेणे टाळावे. प्रत्यक्ष खर्चाची भरपाई आणि ठोक भत्ता यांना करखाते एकाच तराजूत तोलत नाही, आणि स्वतंत्र संचालकाच्या बाबतीत असा भत्ता म्हणजे मंजुरीविना दिलेले मानधन ठरण्याचा धोका असतो. संचालकाच्या सेवेवर कंपनीला उलट आकारणीने १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. संचालकाने स्वतः खर्च करून नंतर मागितलेली रक्कम सेवेच्या मूल्यात धरायची का, हा प्रश्न त्यातून निघतो. तिकीट आणि हॉटेल कंपनीने थेट आरक्षित केले की तो उद्भवत नाही, म्हणून बहुतेक कंपनी सचिव तसेच सुचवतात.

दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतलेली उपस्थिती कायद्याने ग्राह्य आहे. वार्षिक हिशेबांसारखे विषय पूर्वी या पद्धतीने घेता येत नसत; जून २०२१ मध्ये ते बंधनही गेले. बैठक भत्ता अशा उपस्थितीलाही मिळतो, प्रवासखर्च अर्थातच नाही. सलग बारा महिने मंडळाच्या एकाही बैठकीस हजर न राहिल्यास पद आपोआप रिक्त होते, रजा मंजूर असली तरी. अनिवासी व्यक्तीला भारतीय कंपनीचे संचालक होण्यास आडकाठी नाही, फक्त किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असला पाहिजे.

कराबाबत थोडक्यात. संचालकाच्या मानधनावर कंपनी ज्या देशाची, त्या देशाला कर आकारता येतो, हे दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांतील रूढ सूत्र आहे आणि भारत-ओमान करार १९९७ चा आहे. भारतीय कंपनी निवासी संचालकाच्या मानधनातून १० टक्के कर मुळातच कापते. मस्कतमध्ये राहणाऱ्याला मात्र अनिवासींचे नियम आणि दर लागू होतात, हे कंपनीच्या लेखाविभागाला आधीच कळवावे. ओमानमध्ये आजवर वैयक्तिक प्राप्तिकर नव्हता. २०२५ च्या शाही फर्मान क्रमांक ५६ ने तो आणला असून १ जानेवारी २०२८ पासून ४२,००० रियालवरील वार्षिक उत्पन्नावर ५ टक्के कर लागेल. पगार आणि येथील कंपनीचे संचालक-मानधन मिळून ही रेषा ओलांडणाऱ्यांनी तोवर आपले कागद लावून ठेवावेत.

संचालकाच्या दायित्वाचा विमा कंपनीने काढला असेल तर त्याचा हप्ता भारतीय कायद्यानुसार मानधनात धरला जात नाही. संचालक दोषी ठरला, तर मात्र तोच हप्ता मानधनाचा भाग मानला जातो. नेमणूकपत्रात या विम्याचा उल्लेख, त्याची रक्कम आणि पद सोडल्यानंतर तो किती काळ चालू राहील, हे लिहून घ्यावे. बैठक भत्त्याच्या आकड्याइतकेच लक्ष या ओळीकडे द्यायला हवे, आणि अनेकदा ती ओळ पत्रात नसतेच.